फरसाणच्या तेलाचं बायोडिझेल जमतं, उंडीच्या तेलाचं जमत नाही. उत्प्रेरक बदलू का?

खाडीपट्टा

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात घर आहे, घरचाच फरसाण-चिवड्याचा व्यवसाय. कढईतलं जळकं पामोलिन दर आठवड्याला निघतं. ते गाळून त्याचं बायोडिझेल करतो आणि डिझेलमध्ये पाचवा हिस्सा मिसळून पॉवर टिलरला घालतो. टिलरची तक्रार नाही.

माझी कृती अशी: १ लिटर तेल ११० अंशांपर्यंत तापवून पाणी उडवायचं, ५५ अंशांवर आणायचं. २५० मिली मेथॅनॉलमध्ये ८ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवून ते तेलात सोडायचं आणि झाकण लावून तासभर ढवळायचं. रात्रभर ठेवलं की तळाला काळपट ग्लिसरीन, वर पिवळं बायोडिझेल. मग कोमट पाण्याने धुवायचं.

आता मामेभावाने घाण्यावर उंडी काढली. आमच्या किनाऱ्यावर उंडीची झाडं भरपूर, बिया फुकट. पूर्वी हे तेल दिव्याला आणि होड्यांच्या लाकडाला लावायला जायचं, आता कोणी विचारत नाही. तेल हिरवट काळं, दाट, उग्र वासाचं. त्याला वरचीच कृती केली तर सकाळी एकच थर! ग्लिसरीन सुटलंच नाही. कोमट पाणी घातल्यावर सगळं दह्यासारखं झालं आणि तसंच बसलं.

नेटवर कोणी अंड्याच्या टरफलांचा चुना वापरा म्हणतं, कोणी सल्फ्युरिक अ‍ॅसिड, कोणी एन्झाइम. दोन्ही तेलांना चालेल असा एकच उत्प्रेरक आहे का? पोटॅशऐवजी कॉस्टिक सोडा घेतला तर फरक पडेल का?

डबा_क्रमांक_तीन

एवढा खटाटोप कशाला? वापरलेलं तेल गोळा करणारे आता घरपोच येतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'रुको' योजना ऑगस्ट २०१८ पासून चालू आहे. तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यात वापरायचंच नाही, हा नियमही त्याच वर्षी जुलैपासून लागू झाला. पामोलिन विका, रोख पैसे घ्या, टिलरला पंपावरचं डिझेल घाला. उंडीचे दिवे लावा. :)

लोटेकरीण

डबा क्रमांक तीन यांचा सल्ला व्यवहाराचा आहे, पण विचारलंय वेगळंच, म्हणून लिहिते. लोट्याच्या एमआयडीसीत अर्धं आयुष्य रिअ‍ॅक्टरपाशी गेलं, त्यातली बरीच वर्षं मेथिल एस्टरवर.

खाडीपट्टा, उत्प्रेरक बदलायचा की नाही हे नंतर. तेल मोजलंत का? कृतीत तेलाचं तापमान आहे, मेथॅनॉलचं माप आहे, पोटॅशचं वजन आहे. तेलात मोकळं आम्ल किती ते कुठेच नाही. पामोलिनचं नशीब चांगलं म्हणून निभावलं.

काय होतं ते सांगते. तेलाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरीनला धरून बसलेली तीन मेदाम्लं. मेथॅनॉल येऊन त्या तिघांना एकेक करून सोडवतं, प्रत्येकाचं मेथिल एस्टर होतं, ते आपलं बायोडिझेल. ग्लिसरीन मोकळं होऊन तळाशी जातं. पोटॅश हा उत्प्रेरक, म्हणजे या कामात फक्त मध्यस्थ, स्वतः खर्ची पडायला नको. पण तेल जुनं असेल, बी ओलं राहिलं असेल, कढईत वड्यांचं पाणी गेलं असेल, तर काही मेदाम्लं आधीच सुटून मोकळी फिरत असतात. पोटॅश आधी त्यांना धरतं. आम्ल आणि अल्कली भेटल्याबरोबर साबण आणि पाणी तयार होतं, त्याला क्षणही लागत नाही. एस्टर व्हायला मात्र तास लागतो. म्हणजे आम्ल जास्त असेल तर तुमचं पोटॅश पहिल्या मिनिटातच संपलेलं असतं आणि पुढचा तासभर तुम्ही नुसतं तेल ढवळत बसता. वर तो साबण तेल, पाणी, ग्लिसरीन यांना एकमेकांत असा धरून ठेवतो की थर सुटतच नाहीत. तुमचं ते दही म्हणजे हेच.

तेव्हा आधी टायट्रेशन करा, म्हणजे तेलातलं मोकळं आम्ल मोजा. लागतं काय? १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात तुमचंच पोटॅश १ ग्रॅम नीट वजन करून विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल, त्यात फिनॉल्फथॅलिनचे (अल्कली उरली की गुलाबी होणारं सूचक) दोन थेंब. मग सिरिंजने ते पोटॅशचं पाणी थेंबथेंब सोडत जा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली लागले तितके ग्रॅम पोटॅश तुमच्या एका लिटर तेलातलं आम्लच खाणार. उंडी काळी असल्याने गुलाबी दिसायला त्रास होईल. तिथे पाव मिली तेल घ्या, अल्कोहोल दुप्पट घ्या, आणि आलेल्या आकड्याला चाराने गुणा. अल्कोहोल आधी तेलाशिवाय तपासा, त्याचंही थोडं आम्ल असतं, ते वजा करायला विसरू नका.

दोन्ही तेलांचे आकडे इथे टाका, मग बोलू.

सोडा की पोटॅश, याचं उत्तर लगेच देते. आम्लापुढे दोघांचीही गत सारखीच. फरक नंतरच्या कामात. सोड्याचं ग्लिसरीन थंडीत भांड्याच्या तळाला गोठून बसतं आणि तोटीतून उतरत नाही, पोटॅशचं पातळ राहतं. शिवाय पोटॅशवालं ग्लिसरीन फॉस्फोरिक अ‍ॅसिडने उदासीन केलं तर पोटॅशियम फॉस्फेट मिळतं, म्हणजे खत. सोडा स्वस्त आहे आणि वजनाने कमी लागतो. मोठे कारखाने दोन्हींऐवजी तयार सोडियम मेथॉक्साइडचं द्रावण घेतात, कारण सोडा किंवा पोटॅश मेथॅनॉलमध्ये विरघळताना थोडं पाणी तयार होतं, मेथॉक्साइडला ते लफडं नाही. घरी ते आणू नका, पाण्याशी भडकतं.

आणि हो, तुमची पोस्ट वाचताना माझं लक्ष पहिल्यांदा कशाकडे गेलं माहीत आहे? झाकणाकडे. लावता हे वाचून बरं वाटलं. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळतं, खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ पेटते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. त्या भांड्याखाली गॅस किंवा चूल अजिबात नको, गरम पाण्याच्या टबात भांडं ठेवा. कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच मेथॅनॉल होतं. ते विषांच्या कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय ड्रम भरून घरी ठेवायची वस्तू नाही. कॅनवर ठळक अक्षरांत लिहा आणि फरसाणच्या कोठीपासून लांब, कुलपात ठेवा. फरसाणचा कारखाना आणि हे काम एका छपराखाली असेल तर आजच वेगळं करा.

खाडीपट्टा

ताई, सविस्तर लिहिलंत, आभार. काम मागच्या पडवीत होतं, कारखान्यापासून लांब. कुलूप नव्हतं, लावलं.

टायट्रेशन चिपळूणहून सामान आणून केलं. पामोलिन ३ मिली. उंडी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाव मिली घेऊन ७ आले, म्हणजे २८. इतका फरक असू शकतो का, की माझं काही चुकतंय?

लोटेकरीण

चुकत नाहीये. उंडी अशीच असते. प्रकाशित अभ्यासांत उंडीच्या कच्च्या तेलात २२ टक्क्यांपर्यंत मोकळं आम्ल नोंदलेलं आहे, तुमचं त्या मानाने सभ्य आहे.

आता हिशेब. पोटॅशने काढलेला आकडा साधारण ०.५५ ने गुणा, टक्केवारी मिळते. पामोलिन दीड टक्क्याच्या थोडं वर. उंडी १५ टक्के. अल्कली थेट चालवायची मर्यादा ढोबळमानाने २ टक्के, कसलेला माणूस ३ पर्यंत ओढतो आणि साबणात तोटा सोसतो. त्यापुढे नाही.

पामोलिनला तुम्ही घालत होता ते ८ ग्रॅम बरोबरच होते: आम्लासाठी ३ आणि उत्प्रेरकाच्या कामासाठी ५. (ते ५ शुद्ध पोटॅशचे. बाजारात पापडीच्या रूपात मिळणारं पोटॅश बहुधा ८५ टक्क्यांचं असतं, मग ५ ऐवजी ६ च्या जवळ जा.) उंडीला तेच ८ घातले, पण तिच्या आम्लालाच २८ हवे होते. उत्प्रेरकाच्या वाट्याला काहीच उरलं नाही. आता कोणी म्हणेल, मग घाला ना ३३ ग्रॅम. घाला, आणि लिटरमागे दीडशे ग्रॅम साबण घेऊन बसा.

उंडीला म्हणून दोन टप्पे. पहिल्यात अल्कली नाही, अ‍ॅसिड. सल्फ्युरिक अ‍ॅसिड मोकळ्या आम्लाला मेथॅनॉलशी जोडून त्याचंच एस्टर करतं, म्हणजे जे वाया जाणार होतं त्याचं इंधन होतं. तेलाच्या मूळ रेणूंवर मात्र ते फार सावकाश चालतं, म्हणून सगळं काम त्याच्याकडून करून घ्यायचं नाही, आम्ल उतरलं की थांबायचं.

माप सांगते. मोकळ्या आम्लाच्या दर ग्रॅमला २.२५ ग्रॅम मेथॅनॉल आणि ०.०५ ग्रॅम सल्फ्युरिक अ‍ॅसिड, हा बायोडिझेलवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. तुमच्या एका लिटर उंडीत, वजन ९२० ग्रॅम धरलं तर, आम्ल १३८ ग्रॅम. म्हणजे मेथॅनॉल ३१० ग्रॅम, मापाने ३९० मिली. अ‍ॅसिड जेमतेम ७ ग्रॅम, चार मिलीलाही कमी. अ‍ॅसिड मेथॅनॉलमध्ये सावकाश, ढवळत, थंड ठेवून सोडा, उलट कधीच नाही. ६० अंशांवर तास-दीड तास. पुन्हा टायट्रेशन. आकडा २ मिलीच्या आसपास आला की थांबा.

बहुतेक पहिल्या फेरीत येणार नाही. कारण एस्टर होताना पाणी सुटतं, तुमच्या लिटरमागे ९ ग्रॅमच्या जवळपास, आणि ते पाणी प्रक्रियेला अर्ध्यावर अडवतं. मेथॅनॉल इतकं जास्त घालतो ते त्या पाण्याला पातळ करायलाच. ५ मिलीवर अडकलं तर पाणी-मेथॅनॉलचा थर काढून टाका आणि उरलेल्या आम्लाच्या हिशेबाने दुसरी फेरी करा: मेथॅनॉल ७० मिली, अ‍ॅसिड पाऊण मिलीपेक्षा कमी. त्यानंतर तुमची पामोलिनची कृती जशीच्या तशी, नव्या टायट्रेशनच्या आकड्यासह. तेलात राहिलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिडही त्या आकड्यात आपोआप मोजलं जातं, वेगळा विचार नको.

याच्याही आधी एक काम आहे. उंडीत डिंक आणि राळ फार. तेल ७० अंशांवर नेऊन त्यात अगदी थोडं, हजारी एक-दोन, फॉस्फोरिक अ‍ॅसिड आणि थोडं गरम पाणी घालून ढवळा, निवू द्या, खालचा गाळ टाका, मग वाळवा. हे टाळलंत तर पुढे थर सुटायला रात्रीऐवजी दोन दिवस लागतील.

सल्फ्युरिक घेताना दुकानदार ओळखपत्र मागेल, २०१३ नंतर अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर तसे निर्बंध आहेत. दाखवा, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. आणि स्टीलचं साधं पातेलं या टप्प्याला वापरू नका. मेथॅनॉल आणि सल्फ्युरिक मिळून ते खातात. काच किंवा जाड एचडीपीई प्लास्टिक.

चुनखडी

मी पुण्यात उत्प्रेरकांवरच पीएचडी करतोय, म्हणून टरफलांबद्दल लिहितो. यूट्यूबवर त्याचा फार गाजावाजा आहे.

अंड्याचं टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ८०० ते ९०० अंशांना भाजलं की कार्बन डायऑक्साइड निघून कॅल्शियम ऑक्साइड उरतं, म्हणजे कळीचा चुना. तो एस्टर करतो, हे खरं आहे. घन असल्याने गाळून काढता येतो, धुण्याचं पाणी कमी लागतं, पुन्हा वापरता येतो. पण तोही अल्कलीच. उंडीतलं १५ टक्के आम्ल त्यालाही खाणार, आणि कॅल्शियमचा साबण तर पाण्यात विरघळतही नाही, फिल्टरमध्ये बसतो. शिवाय भाजलेला चुना उघडा राहिला की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मरतो. थोडं कॅल्शियम बायोडिझेलमध्येही उतरतं. कोकणातल्या दमट हवेत तर बरणीचं झाकण उघडून चमचा घालेपर्यंत त्याचा कस उतरायला लागेल. चांगल्या, कमी आम्लाच्या तेलाला ठीक, उंडीला नाही.

घन उत्प्रेरकावर मोठा कारखाना पहिल्यांदा चालला तो फ्रान्समध्ये, सेत इथे, २००६ साली. तिथे झिंक आणि अ‍ॅल्युमिनियमचं मिश्र ऑक्साइड वापरतात. साबण नाही, धुणं नाही, ग्लिसरीन ९८ टक्क्यांहून शुद्ध. पण तापमान २०० अंशांच्या घरात आणि दाब मोठा. पडवीत होणारं काम नव्हे ते.

आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून त्याच वर्षी लोह-जस्ताच्या दुहेरी सायनाइड संयुगांचं काम प्रसिद्ध झालं. तो घन आम्लधर्मी उत्प्रेरक आहे, पाण्याला फारसा भीत नाही, आणि मोकळं आम्ल व तेल दोन्हींचं एस्टर एकाच वेळी करतो. म्हणजे तुम्ही विचारलेला 'दोन्ही तेलांना एकच' या वर्णनाला जवळचा. मात्र तोही १७० अंशांच्या आसपास, म्हणजे बंद दाबपात्रातच चालतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते साखरेचं. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की साखर ४०० अंशांच्या आसपास अर्धवट कोळसा होईपर्यंत तापवली आणि त्या कोळशावर सल्फ्युरिक अ‍ॅसिडने सल्फॉनिक (आम्लधर्मी) गट बसवले, की मेदाम्लांचं एस्टर करणारा घन आम्ल उत्प्रेरक मिळतो. महाराष्ट्रात साखर कमी आहे का! पण ती सल्फोनेशनची पायरी प्रयोगशाळेतच करायची, घरी नाही.

तयार आणि कमी तापमानाला चालणारं हवं असेल तर सल्फॉनिक गटाची रेझिन (सच्छिद्र प्लास्टिकचे मणी) येतात, अ‍ॅम्बरलिस्ट-१५ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ती १२० अंशांच्या आत वापरायची. ताईंचा पहिला टप्पा द्रव अ‍ॅसिडऐवजी रेझिनच्या स्तंभातून करता येतो. अट एकच, तेल स्वच्छ हवं. उंडीतला डिंक रेझिनची छिद्रं बुजवतो.

एन्झाइमबद्दल थोडक्यात. लायपेझ, म्हणजे तेलाचा रेणू तोडणारं एन्झाइम, ३५-४० अंशांवर चालतं, साबण होत नाही, आम्ल किती याची पर्वा करत नाही. गाडं दोन ठिकाणी अडतं: किंमत, आणि मेथॅनॉल. सगळं मेथॅनॉल एकदम ओतलं तर एन्झाइम मरतं, म्हणून ते तीन-चार हप्त्यांत द्यावं लागतं आणि दिवसभर थांबावं लागतं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सने खास यासाठी द्रवरूप लायपेझ बाजारात आणलं, तेव्हापासून हलक्या प्रतीच्या तेलांचे काही कारखाने तिकडे वळले. जपानी लोकांनी तर २००१ साली उत्प्रेरकच वगळून ३५० अंशांच्या अतिक्रांतिक (मोठ्या दाबाखाली द्रव-वायूचा भेद न उरलेल्या) मेथॅनॉलमध्ये चार मिनिटांत एस्टर करून दाखवलं. वाचायला मजा येते.

निफाडचा_कांदेवाला

राम राम. रसायनशास्त्र मला कमी कळतं, इंजिनाचं सांगतो.

खाडीपट्टा भाऊ, तुमच्याकडे समुद्र आहे, थंडी नाही, म्हणून पामोलिनचं चालतंय. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांखाली उतरतो. हॉटेलच्या पामोलिनचं बायोडिझेल मी पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला घालत होतो. थंडीत सकाळी फिल्टर उघडला तर आत मेणासारखं पांढरं. पामच्या एस्टरचं १३ ते १६ अंशांवरच खडे व्हायला लागतं. आता थंडीच्या दिवसांत निव्वळ डिझेल, होळी झाली की मिश्रण.

दुसरं, जुन्या टाकीत बायोडिझेल घातलं की ते आतली वर्षानुवर्षांची घाण सोडवतं आणि ती सगळी फिल्टरमध्ये येते. सुरुवातीला एक फिल्टर जादा घेऊन ठेवा. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, त्या बदला.

आमच्याकडे करंजाची झाडं बांधावर आहेत. करंजाचं कसं? आणि मोगली एरंडाचं (जट्रोफाचं) काय झालं? मागे त्याची रोपं फुकट वाटत होते.

लोटेकरीण

कांदेवाले, करंज चांगला. त्याच्यात ओलेइक आम्लाचा वाटा मोठा, त्यामुळे पामपेक्षा थंडी बरी सोसतो. पण आम्ल बियांच्या साठवणीवर असतं. ताज्या वाळवलेल्या बियांचं तेल कधीकधी एकाच टप्प्यात निघतं, पोत्यात पावसाळा काढलेल्या बियांचं निघत नाही. बीचं ओल धरणं आणि तेलातलं आम्ल यांचा थेट संबंध आहे, कारण बियांतच लायपेझ असतं आणि ते पाण्याची वाट बघत असतं. (चुनखडी म्हणतोय तेच एन्झाइम, फक्त इथे आपल्या विरुद्ध बाजूने!) उंडीलाही हेच लागू. खाडीपट्टा, बिया जमिनीवरून उचलल्या की फोडून गर उन्हात खडखडीत वाळवा, पोत्यात कोंबू नका. नुसत्या एवढ्याने तुमचे २८ चे निम्म्यावर आले तर मला नवल वाटणार नाही. दुसऱ्या फेरीपेक्षा हे स्वस्त.

मोगली एरंडाबद्दल काय बोलायचं! २००३ पासून पडीक जमिनींवर त्याचं जंगल उभं करायचं ठरलं होतं, २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. झाड पडीक जमिनीत जगतं हे खरं, पण तिथे ते बी धरत नाही. बी हवं तर पाणी आणि खत द्या, आणि पाणी-खत द्यायचं तर शेतकरी एरंड कशाला लावेल? पेंडही विषारी, गुरांना चालत नाही. २०१८ च्या धोरणाने लक्ष्य ५ टक्क्यांवर आणलं, तेही २०३० सालासाठी, आणि वापरलेल्या खाद्यतेलाकडे मोर्चा वळवला. तेलाचं म्हणाल तर मोगली एरंडाचंही उंडीसारखंच, १४ टक्क्यांपर्यंत आम्ल, दोन टप्पे. साधा एरंड वेगळा. त्याचं तेल मेथॅनॉलमध्ये सहज मिसळतं, प्रक्रिया भराभर होते, पण एस्टर इतकं दाट की इंजिनाच्या मानकात बसत नाही. ते औषधाला ठेवा.

आता खाडीपट्टा, एक कडू हिशेब. उंडीच्या एका लिटरला पहिल्या फेरीत ३९० मिली मेथॅनॉल, दुसरीत ७०, शेवटच्या टप्प्यात २५०. सातशेच्या वर गेलं. प्रक्रियेत प्रत्यक्ष खर्च होतं ते १३० मिलीच्या आसपास. बाकीचं थरांमध्ये, ग्लिसरीनमध्ये आणि बायोडिझेलमध्ये पडून राहतं. कारखान्यात ते ऊर्ध्वपातनाने परत काढून पुन्हा वापरतात, म्हणून त्यांना परवडतं. तुम्ही ते हवेत सोडणार असाल तर बियाच काय, तेलही फुकट मिळालं तरी परवडणार नाही, आणि हवेत सोडायचं ते विष. कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारं उपकरण) बसवायची तयारी नसेल तर उंडी स्वतंत्र करूच नका.

मग काय करा? पामोलिनच्या घाणीत, म्हणजे एका वेळी करायला घेता त्या तेलात, थोडी मिसळा. चांगल्या वाळवलेल्या, डिंक काढलेल्या उंडीचा आकडा १४ वर आला आणि पामोलिन ३ वर असेल, तर नऊ भाग पामोलिन, एक भाग उंडी मिळून ४.१ होतो. म्हणजे सव्वादोन टक्के. साबण थोडा वाढेल, पण थर सुटतील. आधीच्या घाणीचं ग्लिसरीन टाकण्याआधी त्या मिश्रणात अर्धा तास ढवळून खाली बसवा. त्यात उरलेलं पोटॅश थोडं आम्ल आणि पाणी ओढून घेतं, त्यातलं मेथॅनॉलही कामी येतं. चमत्कार नाही होणार, पण फुकट आहे.

आणि प्रत्येक घाणीनंतर ही चाचणी कराच: २७ मिली मेथॅनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल, २०-२२ अंशांना, हलवून ठेवा. पारदर्शक राहिलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर प्रक्रिया अपुरी, थोडं मेथॅनॉल-पोटॅश देऊन पुन्हा चालवा. ही चाचणी मानकाची जागा घेत नाही. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकात एस्टर किमान ९६.५ टक्के, मोकळं ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांच्या आत असं बरंच काही आहे, ते प्रयोगशाळेतच कळतं. स्वतःच्या टिलरपुरतं ठीक. शेजाऱ्याला विकायला निघालात तर मानक आणि परवाने आले.

धुण्याचं पाणी पऱ्यात सोडू नका. साबण, पोटॅश, मेथॅनॉल सगळं त्यात आहे, खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असतेच. ग्लिसरीनही गुरांच्या आंबोणात नको. फॉस्फोरिकने उदासीन करून, मेथॅनॉल काढून, मगच माडांच्या अळ्यात, तेही बेताने.

खाडीपट्टा

सगळं वहीत उतरवून घेतलं. मामेभावाला बिया वाळवायला सांगितल्या, तो म्हणतो घाण्यावर वाळवलेली उंडी तेलही जास्त देते, म्हणजे त्याचाही फायदा. मिश्रणाचाच मार्ग धरतो, कंडेन्सरचं पुढे बघू.

एक शंका राहिली. नुसत्या उंडीची अर्ध्या लिटरची अ‍ॅसिडची फेरी शिकण्यापुरती काचेच्या भांड्यात करून बघणार आहे. त्यात पाणी-मेथॅनॉलचा थर काढायचा म्हणालात, तो तळाच्या तोटीतून काढू ना, ग्लिसरीनसारखा?

लोटेकरीण

नाही! या टप्प्यात ग्लिसरीन नाहीच, आणि मेथॅनॉल भरपूर असल्याने तो थर तेलापेक्षा हलका असतो. तो वर येतो, अ‍ॅसिडही बरंचसं त्याच्यातच. तळाच्या तोटीतून तेल काढा, वरचा थर भांड्यात राहू द्या. सीमारेषा काळ्या तेलात दिसायला कठीण जाईल, मागून टॉर्च धरा. आणि तो वरचा थर तुमच्या पामोलिनच्या मेथॅनॉलमध्ये ओतून वाचवायला जाऊ नका, त्यात पाणीही आहे आणि अ‍ॅसिडही. वेगळ्या कॅनमध्ये, चिठ्ठी लावून, त्याच कुलपात.